मामीचं बाळंतपण आणि माझ्या छातीचा फोटो

मी अकरा वर्षांची होते तेव्हा आमच्या घरात पांढरं म्हणावं असं काहीच नव्हतं. मध्य प्रदेशातल्या भरवेलीच्या मँगनीज खाणीची धूळ काळी असते. ती बाबांच्या बनियनवर असायची, आईच्या नखांत असायची, माठाच्या बुडाशीही सापडायची. बाबा ठेकेदाराकडे ट्रक भरायचे. आई इतर बायांसोबत बसून हातोडीनं दगड फोडायची, चांगला माल एका ढिगात आणि फालतू दगड दुसऱ्या ढिगात टाकायची. ठेका चालू असला की दोघांनाही काम, ठेका संपला की दोघंही घरी. घर म्हणजे कंपनीच्या क्वार्टरांच्या रांगा संपतात त्याच्या मागं एक खोली आणि कवेलूच्या छपराची पडवी. बाबा अंगठा लावायचे. आई सही करायची, पण सही सोडून तिला एक अक्षर वाचता यायचं नाही.

त्या वर्षी ठेका बंद होता आणि मी खोकत होते.

आधी आईनं अडुळसा दिला, मग हळद-दूध. संध्याकाळ झाली की अंग तापायचं. शाळेत जाताना दोनदा बसावं लागायला लागलं, तेव्हा ती मला बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, टीबी आहे, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, बरी होईल. गोळ्या फुकट होत्या. त्या कॉलनीतल्याच एका कार्यकर्तीच्या घरी जाऊन, तिच्या डोळ्यांसमोर गिळायच्या, असा नियम होता.

आईनं दवाखान्याचा कागद घरी आणला आणि चुलीत टाकला.

"कॉलनीत गिळाची नाही," ती बाबांना म्हणाली. "एकदा टीबीवाली म्हटलं की संपलं. पोट्टीची जात आहे. उद्या सोयरीक आली तर कोन काय सांगन?"

बाबा म्हणाले, "आधी जगू तर दे तिले."

"जगवतोच आहो ना."

तिसऱ्या दिवशी ती मला मामाच्या गावी घेऊन गेली. हे गाव सीमेपलीकडे, गोंदिया जिल्ह्यात. कॉलनीत तिनं सांगितलं की मामीचं बाळंतपण आहे आणि हाताखाली कोणी नाही, म्हणून पोरीला ठेवून येते. मामाच्या गावच्या आरोग्य केंद्रात तिनं दुसरं खोटं सांगितलं. माझं नाव, आडनाव, बापाचं नाव, काहीच खरं दिलं नाही. मामाची मुलगी म्हणून मला लिहवलं आणि एक नाव तिथंच उभ्या उभ्या तयार केलं. तिचा विचार साधा होता: आजार त्या नावाला होईल, मला नाही.

सहा महिने, आठवड्यातून तीनदा, मी गावातल्या अंगणवाडीच्या बाईंकडे जायची. त्यांच्या कपाटात प्रत्येक पेशंटचा वेगळा डबा होता आणि माझ्या डब्यावर ते दुसरं नाव. बाई त्या नावानं हाक मारायच्या, मी "हौ बाई" म्हणायची. एका वेळी सात गोळ्या. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या अंगणात उलटी केली, तेव्हापासून गोळ्यांनंतर त्या गुळाचा खडा द्यायला लागल्या. सहा महिन्यांनी माझं वजन वाढलं, खोकला गेला आणि मी माझ्या नावात परत आले.

शाळेत गणिताचे सहा महिने बुडाले होते. ते मी उन्हाळ्यात स्वतः भरून काढले. तिथून पुढं मी थांबले नाही. आमच्या खानदानात दहावी पास होणारी मी पहिली, बारावी पास होणारी पहिली, बालाघाटच्या कॉलेजातून बी.एस्सी. करणारीही पहिली. पुढं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं. आठ वर्षं शाळेत शिकवलं. सगळं शिक्षण हिंदीत झालं, इंग्रजी पुस्तकांतून ओढून आणलं, आणि मराठी लिहायला मी घरच्या बोलण्यावरून स्वतः शिकले. हे बढाई म्हणून सांगत नाही असं लोक म्हणतात. मी बढाई म्हणूनच सांगते. ज्याला हे फुकट मिळालं त्यानं गप्प बसावं.

न्यूझीलंडला विज्ञानाचे शिक्षक कमी आहेत हे मला एका सोबतच्या शिक्षिकेनं सांगितलं. मी परीक्षा दिल्या, कागद पाठवले, एका शाळेनं व्हिडिओवर दोनदा मुलाखत घेतली आणि नोकरी दिली. आता तिथं कायम राहण्याचा परवाना हवा होता. डिग्र्या त्यांनी तपासल्या, त्या पक्क्या निघाल्या. उरल्या दोन अटी. तब्येत चांगली आहे हे दाखवा आणि चारित्र्य चांगलं आहे हे दाखवा.

मी आईला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हे तर सोयरिकीवानीच झालं. तेही हेच दोन पुसतात."

"हौ, पण इथं खरं सांगावं लागते."

ती हसली, पण निवडणारा हात थांबला. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

चारित्र्याचं आधी आलं. पोलिसांच्या दाखल्यासाठी अर्ज केला होता, त्याच्या चौकशीला ठाण्यातून एक जण आला. साध्या कपड्यांत, मोटरसायकलवर. आम्ही घरी नव्हतो, म्हणून त्यानं शेजारच्या काकूंना विचारलं. या काकूंचं घर आमच्या पडवीला लागून, आणि माझी एकतिशी उलटली तरी लग्न झालं नाही याची काळजी माझ्या आईपेक्षा त्यांना जास्त. एक अनोळखी माणूस विचारतोय की मुलगी कशी आहे, चालचलन कसं आहे, घरी कोण येतं-जातं. काकूंनी त्याला खाटेवर बसवलं, चहा ठेवला आणि सुरू झाल्या.

हे सगळं त्यांनीच नंतर आम्हाला रंगवून सांगितलं. "मी म्हटलं, भैया, लड़की हीरा है. एम.एस्सी. है. खाना बनाती है. आज तक छींक भी नहीं आई उसको. मामीच्या बाळंतपणात एवढीशी पोट्टी सहा महिने राबली, थेही सांगतलं."

"मग?" आईनं विचारलं.

"मग म्या पुसलं, लड़का क्या करता है? तर थो म्हणते, अम्मा, मैं थाने से हूँ, यहाँ दस्तखत कर दो."

काकूंनी साक्षीदार म्हणून सही केली. दाखला आला. माझ्यावर गुन्हा नाही, तक्रार नाही, मला एकदाही शिंक आली नाही.

आई त्या दिवशी जेवताना म्हणाली, "पाह्य, लोकं किती चांगलं बोलतात. आता तब्येतीच्या कागदावरही तसंच लिहून टाक."

तब्येतीच्या प्रश्नांत एक प्रश्न सरळ होता: तुम्हाला कधी क्षयरोग झाला होता का? हो किंवा नाही.

"नाही लिही," आई म्हणाली. "कोनाले माहीत आहे? कागदच नाही."

"फोटोत दिसन."

"वीस वर्सांचं?"

"फोटोले वर्सं नाही समजत, माय. डाग समजते."

मी शाळेत मुलांना प्रयोगाची वही लिहायला शिकवते. आकडा चुकीचा आला तर खोडायचा नाही, रेघ मारून शेजारी खरा लिहायचा, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. मी 'हो' लिहिलं. आई उठून भांडी घासायला गेली. भांडी दुपारीच घासून झाली होती.

त्या देशानं मान्य केलेले डॉक्टर ठरावीक असतात. आम्हाला हैदराबाद सोपं पडलं, गोंदियाहून गाडी होती. आई सोबत आली. रक्त, लघवी, वजन, डोळे, सगळं नीट. फोटोत उजव्या बाजूला, वर, एक जुना डाग. डॉक्टर बाई तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. त्या हिंदीत म्हणाल्या, "जुनं बरं झालेलं दिसतंय. तुम्ही स्वतःच लिहिलंत हे चांगलं केलं. पण दोन गोष्टी लागतील. थुंकीचे तीन नमुने, त्यांचा शेवटचा निकाल यायला दोनेक महिने लागतात. आणि तेव्हाचे उपचार पूर्ण केल्याचा पुरावा."

"पुरावा मिळेल," मी म्हटलं. मोठ्या विश्वासानं म्हटलं. सरकारी गोळ्या, सरकारी रजिस्टर, मिळणार नाही तर काय?

परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. बल्लारशा गेल्यावर म्हणाली, "रजिस्टरात तू नाहीस."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अंगणवाडीच्या बाई मला दुसऱ्या नावानं हाक मारायच्या हे मला आठवत होतंच. लहानपणीची गंमत म्हणून मी ते मनात ठेवून दिलं होतं. ते नाव सरकारच्या पुस्तकात उतरलंय आणि माझं नाव तिथं नाही, याचा विचारच मी कधी केला नव्हता. म्हणजे बरी झाले ती दुसरीच मुलगी, आणि डाग मात्र माझ्या छातीत. पुरावा नाही दिला तर तब्येतीत अडकणार. पुरावा दिला तर पहिला प्रश्न हाच येणार की खोटं नाव कुणी दिलं आणि का, म्हणजे चारित्र्यात अडकणार.

"काहून केलं तू असं?" मी एवढंच विचारलं.

"तुझ्यासाठी."

खरंच माझ्यासाठी केलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही मामाच्या गावी गेलो. अंगणवाडीच्या बाई आता रिटायर, केस पांढरेशुभ्र, अंगणात ऊन खात बसलेल्या. मी नमस्कार केला आणि ते दुसरं नाव सांगितलं.

"उलटी करणारी पोट्टी!" त्या ओरडल्याच. मग आईकडे वळून म्हणाल्या, "आणि ही थिची माय."

आई म्हणाली, "बाई, मी तेव्हा खोटं नाव दिलतं. ही मामाची नाही, माझी पोरगी आहे."

"मले काय सांगतेस? तुझ्या भावाले दोन पोट्टेच आहेत हे गावाले माहीत नाही काय? पोरगी कोठून आली, बायका पुसत होत्या. मीच म्हटलं, गोळ्या खाऊन राह्यली ना, खाऊ द्या."

आई पहिल्यांदा खाली बघून हसली. वीस वर्षं जे गाडून ठेवलं होतं, ते सगळ्या गावाला त्याच आठवड्यात समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्यासोबत आरोग्य केंद्रात आल्या. जुनी रजिस्टरं एका लोखंडी कपाटावर बांधून ठेवली होती. क्लार्कनं तीन गठ्ठे सोडले, चौथ्यात ते नाव निघालं. पुढं मामाचं घर, वय अकरा, आणि शेवटच्या रकान्यात 'उपचार पूर्ण'. तिथले डॉक्टर म्हणाले, "या नोंदीची प्रत मी देतो. पण ही नोंद तुमची आहे असं मी कसं लिहू? ते तुम्ही सिद्ध करा. ज्यांनी नाव दिलं त्यांचं शपथपत्र आणा. बाईंचं पण आणा."

बालाघाटला कोर्टाच्या आवारात झाडाखाली शपथपत्रं टाइप करणारे बसतात. मी ज्याच्याकडे गेले तो हुशार होता. सगळं ऐकून म्हणाला, "मैडम, इतना क्यों लिखवाना? सीधा लिख देते हैं कि बचपन में आपका नाम वही था, स्कूल में बदल गया. सबका ऐसे ही होता है. माँ का नाम भी नहीं आएगा."

खोटं सांगत नाही, मन एक क्षण तिकडं गेलं. आईला लोकांसमोर उभं करायचं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. तिला टाइप करणाऱ्याची हिंदी पूर्ण समजली होती.

"नाही," ती म्हणाली. "एक खोटं दडवाले दुसरं लिहाचं, मग दुसऱ्याले तिसरं. माझ्यानं आता नाही होत. जे झालं थे लिही, भाऊ."

त्यानं खांदे उडवले आणि टाइप केलं. मग पद्धतीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवायला लागला, कारण आईला वाचता येत नाही हे मी त्याला सांगितलं होतं. मागं रांग होती. आणि रांगेत, वारसाच्या कागदासाठी आलेल्या, शेजारच्या काकू उभ्या होत्या. मला त्या दिसल्या, आईलाही दिसल्या.

मी हळूच म्हटलं, "उद्या येऊ का?"

आईनं मान हलवली. "वाच, भाऊ."

"मैं शपथपूर्वक कथन करती हूँ कि मेरी पुत्री को ग्यारह वर्ष की आयु में छाती की बीमारी हुई थी..."

"थांब," आई म्हणाली. "छातीची बिमारी काय? टीबी लिही."

"अम्मा, वही मतलब है."

"मग थेच लिही. टीबी झालता. मी लपवला. खोटं नाव मी दिलं, पोरीनं नाही. सहा महिने गोळ्या खाल्ल्या आणि बरी झाली. हेही लिही, बरी झाली."

हा शब्द आईनं चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारला. रांगेतले दोघं-चौघं बघत होते. टाइप करणाऱ्यानं कागद बदलला. आईनं पदर खोचला, पेन घेतलं आणि तिची ती एकमेव शिकलेली सही केली, अक्षर अन् अक्षर सावकाश, कुठं घाई नाही.

काकू पुढं आल्या. कमरेवर हात. "म्हणून मामीचं बाळंतपण सहा महिने चाललं काय!"

आईनं पेन टाइप करणाऱ्याला परत दिलं.

"आणि मी त्या पोलिसाले सांगतलं छींक नाही आली म्हणून! माझी सही आहे तेथी. आता मी जेलात जाऊ काय?"

"तुम्ही चारित्र्याची सही केली, काकू," मी म्हटलं. "छिंकेची नाही."

त्यांनी आईच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "चारित्र्याची आजही करतो. पुन्हा कराची असली तर सांग." थोड्या वेळानं, रिक्षात बसताना, हळू आवाजात: "माझ्या धाकट्या दिराले होता. आम्ही दमा सांगतलता."

मी अर्जासोबत सगळं लावलं. रजिस्टरातल्या नोंदीची प्रत, आईचं शपथपत्र, अंगणवाडीच्या बाईंचं शपथपत्र, त्यांच्या रिटायरमेंटच्या कागदासकट. आणि माझं एक पत्र, एक पान, इंग्रजीत. त्यात मी लिहिलं की नाव खोटं होतं, आजार खरा होता, उपचार खरे होते. आमच्याकडे मुलीचा आजार लपवतात, तो का लपवतात हेही लिहिलं. माझ्या आईचा दोष म्हणून लिहिलं नाही. तिनं मला गोळ्या चुकवू दिल्या नाहीत, हे पहिल्या ओळीत लिहिलं.

थुंकीच्या तिन्ही नमुन्यांत टीबीचे जंतू उगवले नाहीत. तो निकाल आला तेव्हा मी दहावीच्या वर्गात भिंगं वाटत होते. फोन खिशात ठेवला आणि तास पूर्ण घेतला.

मग तिकडून एक प्रश्न आला. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत असं म्हणणाऱ्या दुसऱ्या साक्षीदाराशी बोलता येईल का? त्यांनी अंगणवाडीच्या बाईंना फोन लावला, मराठी जाणणारा दुभाषी मध्ये घेऊन. बाईंनी मला नंतर सांगितलं, "त्यानं पुसलं, तुम्हाले कसं पक्कं माहीत की हीच थी मुलगी? मी म्हटलं, साहेब, अंगणातली तिची उलटी मी धुतली, मले नाही तर कोनाले माहीत असन?"

दुभाष्यानं हे कसं सांगितलं असेल ते मला माहीत नाही. पण त्यानंतर तिकडून एकही प्रश्न आला नाही.

मधल्या काळात कॉलनीत एक फरक पडला, तो सांगते. काकूंनी बातमी पसरवली नाही असं नाही. पसरवलीच. पण सांगताना शेवटी "आणि पाह्य, बरी झाली, विदेशात चालली" असं जोडत गेल्या. एकदा खाणीतल्या एका कामगाराची बायको संध्याकाळी आमच्या पडवीत आली. नवऱ्याला गोळ्या सुरू करायच्या होत्या, कुठं दूर जाऊन घ्याव्यात असं तिनं आईला विचारलं. आईनं तिला जवळच्या केंद्राचं नाव सांगितलं. "अथीच घे," म्हणाली. "आणि नाव खरं लिहव. मागून लय तरास होते."

बाईंना फोन आल्यानंतर पंधरा दिवसांनी, शाळेच्या स्टाफरूममध्ये, ईमेल आला. मी तो दोनदा वाचला. घरी येऊन आईला मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "नाव कोनतं लिहिलं आहे, थे पुन्हा वाच." मी माझं नाव वाचलं, बाबांचं नाव, आडनाव.

तब्येतीची अट पूर्ण. चारित्र्याची अट पूर्ण. मला न्यूझीलंडमध्ये कायम राहण्याचा परवाना मिळाला.